बारा हजारांत डीटीपीसाठी मॉनिटर : डिचोलीतलं एक प्रकरण

माझी वहिनी गोव्यात डिचोलीला घरून डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावून देण्याचं, काम करते. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, देवस्थानांच्या उत्सवांची कार्यक्रमपत्रकं, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, शाळांच्या स्मरणिका, आणि अधूनमधून एखाद्या पुस्तकाचं मुद्रितशोधन. जवळजवळ सगळं काम मराठीत. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई आणि जत्रा एकदमच सुरू होतात, आणि मग वैशाखात शिरगावच्या लईराईची जत्रा होईपर्यंत तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा कामाचा मॉनिटर यंदा श्रावणात गेला. आधी डावी बाजू काळवंडली, मग सकाळी चालू केला की बराच वेळ लुकलुकायला लागला.

मी म्हापशात संगणक दुरुस्तीचं काम करतो, म्हणून निरोप माझ्याकडे आला. "भावजी, बारा हजारांच्या वर एक पैसा नाही. कर, केबल, सगळं त्यातच. आणि चवथीआधी हवा."

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण बजेटमधला मॉनिटर कोणता घ्यावा हे मला नेहमी कुणी ना कुणी विचारतं, आणि त्याची जी तयार उत्तरं बाजारात फिरतात ती गेम खेळणारे किंवा सिनेमा बघणारे डोळ्यांसमोर ठेवून दिलेली असतात. दिवसाचे आठ-दहा तास देवनागरी मजकूर वाचणाऱ्या माणसाला ती लागू पडत नाहीत. वहिनीसाठी बसून हिशेब मांडला तेव्हा जे उत्तर निघालं, ते दुकानातल्या कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

आधी संगणकाची मागची बाजू

मॉनिटर बघायला निघण्याआधी मी संगणक भिंतीपासून ओढून त्याची मागची बाजू पाहिली. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मदरबोर्डवर दोनच जोडण्या : निळी व्हीजीए आणि पांढरी डीव्हीआय. एचडीएमआय नाही, डिस्प्लेपोर्ट नाही. जुना मॉनिटर इतकी वर्षं व्हीजीएवर चालत होता. डीव्हीआयवरचं धुळीचं टोपण कुणी काढलंही नव्हतं.

या दोन भोकांनी बराचसा निर्णय तिथेच करून टाकला. अशा बोर्डांवरची एकेरी डीव्हीआय जोडणी जास्तीत जास्त १९२०×१२०० पिक्सेल (चित्र ज्यांनी बनतं ते ठिपके), सेकंदाला ६० वेळा म्हणजे ६० हर्ट्झ, इतकंच चित्र पाठवू शकते. म्हणजे २५६०×१४४० चा, ज्याला दुकानात 'टू-के' किंवा 'क्यूएचडी' म्हणतात तो मॉनिटर आणला तर ग्राफिक्स कार्डही आणावं लागणार. आणि खोक्यावर १०० हर्ट्झ लिहिलेलं असो की १६५, या संगणकावर तो ६०वरच चालणार. पुतण्या अकरावीत आहे आणि त्याला १६५ हर्ट्झचा हवा होता. त्याला हे दाखवलं तेव्हा त्यानं हट्ट सोडला.

दुसरी गोष्ट चांगली निघाली. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांच्यातून चित्राचा संदेश एकाच पद्धतीनं जातो, त्यामुळे एका टोकाला डीव्हीआय आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली साधी केबल पुरते. महागडा कन्व्हर्टर लागत नाही. व्हीजीएवर संदेश अॅनालॉग, म्हणजे आकड्यांऐवजी विजेच्या चढउतारांतून जाणारा, असतो. १९२०×१०८० वर गेलं की उभ्या बारीक रेघा, म्हणजे आपल्या काना आणि दंड, किंचित पसरट दिसतात. आजही नवा मॉनिटर घेऊन जुनीच व्हीजीए केबल लावणारे लोक मी बघतो. पैसे भरून घेतलेली स्पष्टता ते केबलमध्ये घालवतात, याचं फार वाईट वाटतं.

आणखी एक विचार डोक्यात ठेवावा लागला. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही. म्हणजे वर्षा-दोन वर्षांत संगणक बदलणार. मॉनिटर मात्र त्याच्या पुढेही टिकणार. तेव्हा आजच्या डीव्हीआयवर चालणारा, पण उद्याच्या संगणकासाठी एचडीएमआय आणि शक्यतो डिस्प्लेपोर्टही असलेला मॉनिटर हवा, हे ठरलं.

अक्षराला किती पिक्सेल मिळतात

वहिनीच्या कामाची पद्धत अशी : पेजमेकर किंवा कोरल ड्रॉमध्ये मजकूर लावायचा, पीडीएफ काढायची, आणि ती पूर्ण पान समोर ठेवून वाचायची. पान वरखाली सरकवत वाचलं तर ओळ सुटते, आणि चूक नेमकी त्या सुटलेल्या ओळीत असते. शिवाय पत्रिकेचा तोल पूर्ण पान दिसल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझा प्रश्न असा होता : ए-फोर पान अख्खं दिसत असताना १० पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे छपाईतलं अक्षराचं माप) अक्षराला किती पिक्सेल उंची मिळते?

तिचा जुना मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६×७६८. पिक्सेलांच्या ७६८ ओळींतून शीर्षकपट्टी, मेनू आणि खालचा टास्कबार वजा केला की पानासाठी साधारण ६२० उरतात. ए-फोरची उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे ११.७ इंच. या हिशेबानं १० पॉइंटच्या अक्षराच्या चौकटीला मिळतात जेमतेम ७ पिक्सेल.

या ७ पिक्सेलमध्ये मराठी अक्षर बसवून बघा. शिरोरेषेला एक. तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना मिळून एक किंवा दोन. अक्षराच्या अंगाला तीन. उरलेल्या एकात उकार. इंग्रजीला 'a' किंवा 'o' सारखी अक्षरं तेवढ्याच उंचीत निभावून नेता येतात, कारण बहुतेक अक्षरांना वर-खाली काही नसतं. आपल्याकडे 'र्थीं' या एकाच अक्षरात शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघंही एका जागेवर हक्क सांगतात. 'पूर्व' आणि 'पुर्व' यांतला फरक एका पिक्सेलचा. 'रु' आणि 'रू' तर सारखेच. 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार पडला की राहिला हे कळायला पान दुप्पट मोठं करावं लागायचं. इतकी वर्षं तिनं या काचेवर हजारो नावं तपासली आणि पत्रिकांत चुका विरळाच गेल्या, ही तिच्या डोळ्यांची कमाई. त्या बदल्यात चाळिशीचा नंबर किती वाढला, ते घरातले जाणतात.

आता हाच हिशेब बाकीच्या मॉनिटरांना लावला. १९२०×१०८० वर, म्हणजे 'फुल एचडी'वर, पानासाठी साधारण ९५० ओळी उरतात आणि अक्षराला ११ पिक्सेल मिळतात. २५६०×१४४० वर सुमारे १३१० ओळी, अक्षराला १५ ते १६. इथवर अपेक्षित होतं, आणि इथेच बहुतेकजण थांबतात : टू-के चांगला, पण परवडत नाही, मग फुल एचडीवर भागवा.

मी कागदावर पान आडवं-उभं काढत होतो तेव्हा लक्षात आलं की ए-फोर उभं असतं आणि मॉनिटर आडवा. पान उंचीत अडकतं आणि दोन्ही बाजूंची निम्म्याहून जास्त काच रिकामी पडून राहते. तोच फुल एचडी मॉनिटर उभा फिरवला तर रुंदी १०८० आणि उंची १९२०. पानाला रुंदीत १०५० पिक्सेल देता येतात, आणि उंचीही आरामात पुरते. १० पॉइंटच्या अक्षराला मिळतात १७ ते १८ पिक्सेल.

म्हणजे फिरवता येणारा २४ इंची फुल एचडी मॉनिटर, एकेक पान वाचण्याच्या कामात, आडव्या २७ इंची टू-केपेक्षा अक्षराला जास्त पिक्सेल देतो. अक्षर आकारानंही मोठं दिसतं. २४ इंची फुल एचडीचा एक पिक्सेल ०.२७ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे उभ्या काचेवर पान मूळ कागदाच्या सुमारे १.३७ पट होतं. १० पॉइंटचा मजकूर जवळजवळ १४ पॉइंटएवढा. आडव्या २७ इंची टू-केवर ते पान जेमतेम कागदाएवढंच राहतं. प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे.

इथून पुढे आमचा शोध एका गोष्टीवर आला : फिरणाऱ्या स्टँडचा, २४ इंची, फुल एचडी. आणि पॅनेल, म्हणजे आतली चित्राची काच, आयपीएस जातीचंच. याचं कारण आहे. स्वस्त टीएन पॅनेल वरून किंवा खालून पाहिलं की रंग बदलतो. मॉनिटर फिरवला की ही वर-खालची उणीव डावी-उजवी होते, आणि मग दोन डोळ्यांना एकाच पानाच्या दोन वेगळ्या छटा दिसतात. डोकं दुखायला लागतं आणि कारण कळत नाही. व्हीए पॅनेलचा काळा रंग आयपीएसपेक्षा खूप खोल असतो, अंधारात सिनेमा बघायला ते उत्तम. पण बाजूनं पाहताना त्याचंही थोडं तसंच होतं.

दुकानांत

पेनड्राइव्हवर मी एक पीडीएफ करून घेतली होती. पहिलं पान १० पॉइंटचा मराठी मजकूर, त्यात मुद्दाम अडचणीची अक्षरं : घ-ध, भ-म, ष-प, रु-रू, हृ-ह्र, ट्र, द्ध, र्थीं. दुसरं पान कोरं पांढरं, तिसरं काळं, चौथं मध्यम करडं. पाचवं वहिनीनं दिलेली खरी लग्नपत्रिका, पिवळ्या जमिनीवर कुंकवाचा लाल. दुकानातल्या प्रत्येक मॉनिटरवर डोंगर-समुद्राचा व्हिडिओ फिरत असतो आणि त्यात सगळेच सुरेख दिसतात. आपलं पान लावलं की वीस सेकंदांत फरक कळतो. चांगला दुकानदार पेनड्राइव्ह लावायला नाही म्हणत नाही.

पहिल्या दुकानात आम्हाला सत्तावीस इंची फुल एचडीकडे नेण्यात आलं. "हें पळयात मॅडम, सत्तावीस इंच, बारा हजारांच्या आंत." भाव ९,९०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,६८२. मॉनिटर भव्य होता आणि वहिनीचं मन क्षणभर तिथे गेलं, ते मला दिसलं. पान लावलं. ओळी तेवढ्याच १०८०, म्हणून अक्षराला तेच ११ पिक्सेल, फक्त प्रत्येक पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा. तिच्या जुन्या साडेअठरा इंचीचा होता ०.३०. वहिनी दोन फुटांवर खुर्ची ओढून बसली, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "भावजी, मोठं झालंय, पण 'रु' कुठला नि 'रू' कुठला ते अजून सांगता येत नाही." विषय संपला. त्याच पैशांत मोठी काच मिळते हे खरं, पण मजकुराला तिचा उपयोग नाही. मागे बसून बघायचं असेल तेव्हा तो घ्यावा.

तिथेच एका कोपऱ्यात ३२ इंची टीव्ही ठेवलेला होता आणि किंमत मॉनिटरसारखीच. घरी दादानंही तोच सुचवला होता. ३२ इंची स्वस्त टीव्ही बहुधा १३६६×७६८चेच असतात, म्हणजे वहिनीच्या जुन्या मॉनिटरइतकेच पिक्सेल जवळपास तिप्पट क्षेत्रफळावर पसरलेले. शिवाय बरेच टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतात. काळ्या-पांढऱ्यात ते जाणवत नाही. पिवळ्यावर लाल अक्षर लावलं की कडा मेण वितळल्यासारख्या होतात. पाचवं पान लावून पाहिलं, तसंच झालं.

मडगावात कुणाकडे तरी ऑफिसांतून निघालेले जुने मॉनिटर मिळतात असं कळलं, म्हणून तिथेही गेलो. हा पर्याय मला मनापासून आवडला होता. १९२०×१२००, १६ः१० प्रमाणाचा, फिरणारं भक्कम स्टँड, आयपीएस पॅनेल आणि भाव सहा हजार. डीव्हीआयच्या मर्यादेत अगदी काठोकाठ बसणारा. आडवा ठेवूनही अक्षराला साडेबारा पिक्सेल, आणि उभा केला तर रुंदी १२००. नवीन मॉनिटरांत हे प्रमाण स्वस्तात सापडत नाही. पण पांढरं पान लावलं तेव्हा खालची कड पिवळसर दिसली, करड्या पानावर एका बाजूला ढग. हमी एक महिन्याची. गोव्याच्या पावसात चार महिने हवेत जी ओल असते ती जुन्या पॅनेलच्या मागच्या पॉवर बोर्डाला सोसत नाही. दुरुस्तीला येणारे बहुतेक जुने मॉनिटर माझ्याकडे आषाढ-श्रावणातच येतात. एकुलत्या एक मॉनिटरवर ज्याचं पोट आहे, त्यानं ऐन लग्नसराईत हा धोका पत्करू नये. दुकानदारानं वर्षाची लेखी हमी दिली असती, तर मी तोच उचलला असता.

टू-केचाही भाव विचारून घेतला. १४,५०० अधिक कर, म्हणजे १७,११०. वर ग्राफिक्स कार्ड. बजेटच्या बाहेर तो होताच, पण पैसे असते तरी या संगणकावर मी तो सुचवला नसता. २७ इंची टू-केवर पिक्सेल ०.२३ मिलिमीटरचा, त्यामुळे मेनूतली अक्षरं बारीक होतात. विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे सगळं मोठं दाखवण्याचं प्रमाण, १२५ टक्के केलं की नवे प्रोग्रॅम नीट मोठे होतात. पेजमेकरसारखा जुना प्रोग्रॅम मात्र ताणल्यासारखा पुसट होतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. तेव्हा असल्या दाट मॉनिटरांचा विचारच नव्हता. आणि गोव्यात कितीतरी छापखाने आजही त्याच्याच फाइली मागतात, तिथे वहिनी एकटी काय करणार!

निवड

शेवटी पणजीत सापडला तो असा : २३.८ इंची, आयपीएस, १९२०×१०८०, उंची कमी-जास्त होणारं आणि नव्वद अंशांत फिरणारं स्टँड, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए, मागे सुटा हात बसवायला १०० मिलिमीटर अंतराची चार भोकं, तीन वर्षांची हमी. भाव ९,२०० अधिक १८ टक्के, म्हणजे १०,८५६. डीव्हीआय-एचडीएमआय केबल ३५० रुपये. एकूण ११,२०६.

त्याच कंपनीचा, त्याच पॅनेलचा, पण फक्त पुढे-मागे कलणाऱ्या स्टँडचा मॉनिटर ८,७३२ला होता. म्हणजे फिरणाऱ्या स्टँडचे २,१२४ रुपये. दुकानदाराचं म्हणणं, स्टँडवर कोण इतके पैसे घालतं? माझ्या मते या अख्ख्या व्यवहारात सगळ्यात कामाला आलेले पैसे तेच. टेबलाला पकडणारा सुटा हात लावूनही मॉनिटर फिरवता येतो आणि तो थोडा स्वस्त पडतो, म्हणून तोही विचार केला. वहिनीच्या टेबलावर जाड काच आहे. तिच्यावर पकड आवळणं मला पटलं नाही.

स्टँडचा दुसरा फायदा मानेला. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं वाचायची जागा भिंगाच्या खालच्या भागात असते. मॉनिटर उंच असला की माणूस हनुवटी वर करून वाचतो. जुना मॉनिटर कागदाच्या दोन रिमांवर चढवलेला होता, आणि मान धरते म्हणून वहिनी रात्री तेल लावायची. आता आडवा असताना वरची कड डोळ्यांच्या बरीच खाली आहे.

रंगाचं थोडक्यात सांगतो. स्वस्त पॅनेलच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' (काच किती रंग दाखवू शकते याचं माप) लिहिलेलं असतं, त्यावर कुंकवाचा लाल विटकरी दिसतो. '७२ टक्के एनटीएससी' किंवा '९९ टक्के एसआरजीबी' असं लिहिलेलं असेल तर पत्रिकांच्या कामाला पुरे. आमच्या मॉनिटरवर हे दुसरं लिहिलेलं होतं आणि पाचव्या पानानं त्याला दुजोरा दिला. 'एचडीआर', म्हणजे जास्त उजळ आणि जास्त गडद दाखवण्याच्या, शिक्क्याकडे या किमतीत लक्ष देऊ नये. २५० निट्स उजळपणाच्या काचेवर त्यानं काही घडत नाही. '१ मिलिसेकंद', म्हणजे पिक्सेलचा रंग बदलायला लागणारा वेळ, हाही गेम खेळणाऱ्यांचा आकडा.

घेण्याआधी खोकं दुकानातच फोडून काळं आणि पांढरं पान पुन्हा लावलं. वीस लाखांहून जास्त पिक्सेलांत एखाददुसरा मेलेला निघाला तर हमीत बदलून मिळेलच असं नसतं. दुकानात दिसला तर दुकानदार बदलून देतो. ऑनलाइन हाच मॉनिटर काही शे रुपयांनी स्वस्त होता. ते पैसे मी या तपासणीसाठी आनंदानं सोडले. बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला.

घरी लावताना

टेबल खिडकीसमोर होतं, ते काटकोनात फिरवलं. आता खिडकी डावीकडे येते. पावसाळी दिवसांत बाहेरचा उजेड सतत बदलतो; खिडकी पाठीमागे असली तर काचेवर तिचं प्रतिबिंब येतं, आणि समोर असली तर डोळे सारखे जुळवून घ्यावे लागतात.

मॉनिटर कारखान्यातून येतो तो दुकानात झळकावा अशा बेतानं. उजळपणा शंभरावरून पस्तीसवर आणला, शेजारी कोरा कागद धरून तो आणि काच सारखी पांढरी दिसेपर्यंत. कडा तीव्र करणारी 'शार्पनेस' मधल्या मूळ जागेवर ठेवली, कारण ती वाढवली की शिरोरेषेभोवती पांढरी किनार येते. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद.

उभ्या मॉनिटरवर एक अडचण येणार हे ठाऊक होतं, आणि ती आली. विंडोजचं क्लिअरटाइप प्रत्येक पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या शेजारीशेजारी आहेत असं धरून अक्षराच्या कडा गुळगुळीत करतं. मॉनिटर फिरवला की त्या पट्ट्या एकाखाली एक येतात, आणि काना-दंडांच्या कडेला तांबूस-निळसर छटा दिसते. वाचण्याचं काम पीडीएफमध्ये होत असल्यानं उपाय सोपा निघाला : अॅक्रोबॅट रीडरच्या पसंतींमध्ये, पान दाखवण्याच्या विभागात, अक्षरं गुळगुळीत करण्याचा पर्याय 'एलसीडी'वरून 'मॉनिटर'वर नेला. मग कडा करड्या छटांनी भरल्या जातात आणि रंग जातो. आडव्या कामासाठी क्लिअरटाइप तसंच ठेवलं.

फिरवण्यासाठी दर वेळी सेटिंगमध्ये जावं लागत नाही. इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि बाण एकदम दाबला की चित्र वळतं. काच आधी पूर्ण वर उचलायची, मग वळवायची, नाहीतर कोपरा टेबलावर आपटतो. केबलला मागे हातभर ढील ठेवली.

यूपीएस जुनाच, पण त्याची बॅटरी बदलून घ्या असं सांगितलं. मॉनिटर वीस-पंचवीस वॅटचा, त्याचा भार नाही, प्रश्न विजेचा. वळीव आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की काम साठवून प्लग काढायचा, आणि इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही. काम संपल्यावर गरम मॉनिटरवर प्लॅस्टिकचं आवरण घालायची सवय डिचोलीत घरोघरी आहे. आत ओल कोंडते. वहिनीनं त्याऐवजी जुन्या सुती साडीचा तुकडा शिवून घेतला.

काय साधलं, काय राहिलं

चवथीनंतर पहिलं मोठं काम आलं ते एका देवस्थानच्या स्मरणिकेचं. देणगीदारांच्या नावांची पानंच्या पानं, ९ पॉइंटमध्ये. उभ्या काचेवर पान मोठं न करता ती वाचता आली, हे तिनं फोन करून सांगितलं. आधी पहिलं वाचन ती कागदावर छापून करायची. आता थेट काचेवर करते आणि कागद फक्त शेवटच्या वाचनाला लागतो. टोनर आणि कागदाचा खर्च उतरला आहे.

सगळं जमलं असं मात्र नाही. पुस्तकाची दोन पानं समोरासमोर ठेवून बघायची असतात तेव्हा मॉनिटर आडवा करावा लागतो, आणि तिथे अक्षराला पुन्हा ११ पिक्सेलच. असं काम रोज असेल, तर पैसे साठवून २७ इंची टू-के आणि त्याला झेपेल असा संगणक घेणंच योग्य. हिशेबाच्या लांबरुंद तक्त्यांचं काम असेल तरी उभ्या मॉनिटरचा उपयोग नाही. आणि पेजमेकरच्या खिडक्या उभ्या काचेवर एकमेकींवर चढतात, म्हणून पान लावायचं काम ती आडव्यावरच करते.

नवा संगणक ती पुढच्या वर्षी घेणार आहे. तेव्हा हाच मॉनिटर डिस्प्लेपोर्टनं जोडायचा. आणि साध्या स्टँडचा दुसरा २४ इंची आणून तो आडवा ठेवायचा, म्हणजे एकावर पान लावायचं आणि शेजारच्या उभ्यावर वाचायचं. त्यासाठी संगणकाला दोन डिजिटल जोडण्या हव्यात, एवढी एकच अट मी तिला आत्ताच कागदावर लिहून दिली आहे.